नाकाची मापे आणि माणसाची पायरी

२ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे हजारो अस्पृश्य स्त्री-पुरुष सत्याग्रहासाठी जमले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला हा लढा दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे काही वर्षे नेटाने चालवला. मंदिराची दारे बंद ठेवणाऱ्यांनी धर्माचा आधार घेतला होता. परंतु त्याच काळात विषमतेला दुसराही एक आधार दिला जात होता, आणि तो होता विज्ञानाचा! निदान विज्ञान म्हणून पुढे केलेल्या मोजमापांचा. त्या मोजमापांचे पुढे काय झाले, हे विज्ञान शिकवणाऱ्यांनी आणि शिकणाऱ्यांनी जाणून घेण्यासारखे आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हर्बर्ट रिस्ले या ब्रिटिश अधिकाऱ्याने भारतातील निरनिराळ्या जातींच्या लोकांची नाके मोजण्याचे काम हाती घेतले. नाकाच्या रुंदीला उंचीने भागायचे आणि शंभराने गुणायचे, म्हणजे नासिकांक मिळतो. नाक जितके रुंद तितका अंक मोठा. जातीची सामाजिक पायरी जितकी वर तितका तिचा सरासरी नासिकांक लहान, असा नियम रिस्लेने मांडला. जात म्हणजे मुळात वंशभेद, असा त्याचा अर्थ होत होता. हाच रिस्ले १९०१ च्या जनगणनेचा प्रमुख होता, त्यामुळे या कल्पनेला सरकारी वजन मिळाले. आमच्या नाशिकचे नावच लोककथेत शूर्पणखेच्या नाकाशी जोडलेले आहे. पण इथे तर साऱ्या देशाची प्रतवारी नाकावरून होऊ लागली होती.

या नियमात गफलत कुठे होती? ती समजण्यासाठी वर्गात एक साधा प्रयोग करता येईल. इयत्ता नववीच्या अ आणि ब तुकड्यांतील प्रत्येकाची वीत सेंटिमीटरमध्ये मोजा. दोन्ही तुकड्यांच्या सरासरी काढा. त्यांत थोडाफार फरक बहुधा निघेलच. आता प्रत्येक तुकडीतील सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान वीत पाहा. तुकडीच्या आतला हा फरक दोन सरासरींमधल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा दिसेल. नुसती वीत सांगून मूल कोणत्या तुकडीतले, हे ओळखता येणार नाही. सरासरी सांगितली आणि पसारा लपवला, की नसलेली भिंत दिसू लागते.

रिस्लेचा नियम आकड्यांवरच तपासला तो मालवणात जन्मलेल्या डॉ. गो. स. घुर्ये यांनी. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्यापन करणाऱ्या घुर्ये यांचा जात आणि वंश यांवरील इंग्रजी ग्रंथ १९३२ मध्ये प्रसिद्ध झाला. उपलब्ध मापे प्रांतवार मांडल्यावर त्यांना दिसले, की आजच्या उत्तर प्रदेशाचा भाग वगळता इतरत्र नाकाचा क्रम आणि जातीचा क्रम जुळत नाही. १९४८ मध्ये अस्पृश्यतेच्या उगमावरील आपल्या ग्रंथात डॉ. आंबेडकरांनी अशाच आकड्यांचा उपयोग करून दाखवले, की ही मापे खरी मानली तर ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात. प्रतिपक्षाचीच फूटपट्टी घेऊन त्याचे गणित चुकीचे ठरवण्याचा हा उत्तम नमुना आहे.

१९२७ मध्ये इरावती कर्वे बर्लिनला शिकायला गेल्या. युरोपीय माणसाच्या कवटीच्या दोन बाजू इतरांच्या मानाने अधिक असमान असतात आणि त्याचा संबंध श्रेष्ठ बुद्धीशी आहे, असे त्यांचे मार्गदर्शक ओयगेन फिशर यांचे गृहीतक होते. कवट्या मोजल्यावर तसे काही आढळले नाही, आणि इरावतीबाईंनी ते प्रबंधात स्पष्ट लिहिले. मार्गदर्शकाला हवे ते नव्हे, तर मोजले ते लिहायचे, हा विज्ञानाचा पहिला धडा!

आता जपानकडे पाहू. तेथे बुराकुमिन नावाचा समाज आहे. कातडी कमावणे, जनावरे कापणे, मृतांची विल्हेवाट लावणे ही कामे करणाऱ्यांना तेथेही अपवित्र मानून वेगळ्या वस्त्यांत ठेवले जाई. १८७१ मध्ये सरकारी हुकुमाने हा भेद रद्द झाला, पण व्यवहारात राहिला. ३ मार्च १९२२ रोजी क्योतो येथे या समाजाने ‘सुइहेइशा’ ही संघटना स्थापन केली. सुइहेइ म्हणजे पाण्याची समपातळी. बुराकुमिन आणि इतर जपानी यांच्यात शारीरिक फरक काहीच नाही. भाषा एक, चेहरेपट्टी एक. म्हणूनच नोकरी नाकारण्यासाठी काही कंपन्या त्यांच्या वस्त्यांच्या पत्त्यांच्या छुप्या याद्या विकत घेत होत्या, हे १९७५ मध्ये उघडकीस आले. नाक मोजून जे कळत नाही, ते पत्त्यावरून शोधावे लागले! विषमतेला शरीरातील फरकाची गरजच नसते, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणता?

आज आपण जनुके वाचू शकतो. रिचर्ड लेवाँटिन यांनी १९७२ मध्ये दाखवले, की मानवातील जनुकीय विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के एकेका लोकसमूहाच्या आतच असते. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतातील लोकसमूहांची सुमारे ४२०० ते १९०० वर्षांपूर्वी मोठी सरमिसळ झाली, आणि नंतर आपापल्या गटातच विवाह करण्याची रूढी घट्ट झाली. जातीजातींत जे थोडे जनुकीय फरक सापडतात, ते बऱ्याच अंशी या रूढीचे फळ आहे. म्हणजे फरक होता म्हणून जात झाली असे नसून, जात पाळली म्हणून फरक उरला. गटांतर्गत विवाह हेच जातीचे मर्म आहे, हे २५ वर्षांच्या आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात मांडले होते.

‘ते त्यांच्या रक्तातच असते’ हे वाक्य शिक्षकांच्या खोलीतही अधूनमधून ऐकू येते. ते ऐकू आले की चार प्रश्न विचारावेत: काय मोजले? किती जणांचे मोजले? सरासरी किती? आणि पसारा किती?