लिंगनिश्चिती, असामान्य जननविकासातील

गुणसूत्रे, जननग्रंथी, संप्रेरके आणि जननेंद्रिये यांचा मेळ बसत नसेल, तेव्हा व्यक्तीचे जैविक लिंग ठरवणे. जीवशास्त्राची मूळ कसोटी युग्मकांची आहे: शुक्रपेशी निर्माण करण्याच्या दिशेने घडलेले शरीर नर, अंडपेशींच्या दिशेने घडलेले मादी. दवाखान्यात मात्र ती नेहमी पुरत नाही. ‘वाय’ गुणसूत्रावरील एसआरवाय जनुकामुळे (शोध १९९०) गर्भात वृषणे घडतात. पण पेशींतील अँड्रोजन-ग्राही निकामी असले, तर भरपूर टेस्टोस्टेरॉन असूनही बाह्य शरीर स्त्रीचेच होते. गर्भाशय नसते. पाळी न आल्यामुळे बहुधा किशोरवयात निदान होते.

महाराष्ट्रात हा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. नाशिक ग्रामीण पोलिसांच्या २०१८ च्या भरतीत महिला म्हणून निवडलेल्या तरुणीच्या वैद्यकीय तपासणीत गर्भाशय व अंडाशय आढळले नाहीत. गुणसूत्रे ‘एक्सवाय’ निघाली आणि नेमणूक अडली. तिला स्वतःलाही याची कल्पना नव्हती. जन्मापासून स्त्री म्हणून जगलेल्या माणसाला एका चाचणीच्या कागदावरून पुरुष ठरवणे हे शास्त्रही नव्हे आणि न्यायही नव्हे. मुंबई उच्च न्यायालयात मे २०२२ मध्ये सरकारने तिला पोलीस खात्यात शिपाईपदाव्यतिरिक्त नोकरी देण्याची तयारी दाखवली.

उलट प्रकार जन्मजात अधिवृक्क अतिवृद्धीचा. गुणसूत्रे ‘एक्सएक्स’, अंडाशय व गर्भाशय शाबूत. केवळ जादा अँड्रोजनमुळे बाह्य अवयव मुलासारखे दिसतात. यात शरीरातील मीठ झपाट्याने घटून अर्भक दगावू शकते, म्हणून येथे उपचार आधी, लिंगनोंद नंतर.