धारचा लोहस्तंभ आणि देवासचे पियानो

वस्तू टिकते ती कशामुळे, या प्रश्नाचा विचार करायला माळव्यातील मराठी माणसाला फार दूर जावे लागत नाही. पवारांच्या दोन राजधान्या, धार आणि देवास, त्यासाठी पुरेशा आहेत.

धारच्या लाट मशिदीजवळ एका लोहस्तंभाचे तीन तुकडे चौथऱ्यावर ठेवलेले आहेत. मशीद दिलावरखान घोरीने १४०५ मध्ये बांधली. स्तंभ तिच्याहून जुना असून परंपरा त्याचे नाते राजा भोजाशी जोडते. तुकड्यांची लांबी २४ फूट ३ इंच, ११ फूट ७ इंच आणि ७ फूट ६ इंच, म्हणजे एकूण ४३ फुटांहून अधिक. वजन सुमारे ७ टन. लांबीत तो दिल्लीच्या प्रसिद्ध स्तंभाच्या पावणेदोन पटींहून मोठा ठरतो. १५३१ मध्ये माळवा जिंकणाऱ्या गुजरातच्या बहादूरशहाने तो नेण्याचा प्रयत्न केला आणि त्या खटाटोपात तो पडून मोडला, असे जहांगीराने आत्मचरित्रात नमूद केले आहे. माणसांनी तो मोडला. गंजाने मात्र खाल्ला नाही.

याचे कारण कानपूरच्या आयआयटीतील प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांच्या संशोधनातून उलगडते. एवढा स्तंभ ओतणे त्या काळी शक्यच नव्हते. कोळशाच्या भट्टीतून निघालेले लोखंडाचे गोळे तापवून, घणाने ठोकून एकमेकांत जोडले गेले. भट्टीत चुना न वापरल्याने लोखंडात फॉस्फरस उरला आणि त्यामुळे पृष्ठभागावर पातळ संरक्षक थर बसला. कोरड्या हवेचेही साहाय्य झालेच. लोहाराला रसायनशास्त्र अवगत नसेल, पण आपल्या भट्टीचे लोखंड तो पुरते ओळखत होता.

आता देवास. १९२१ मध्ये इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव (तिसरे) यांचे खाजगी सचिव होते. त्या दिवसांतील त्यांची पत्रे १९५३ मध्ये ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात प्रसिद्ध झाली. राजवाड्यातील विलायती सामानाचे त्यांनी केलेले वर्णन मार्मिक आहे. सुमारे हजार पौंडांच्या विजेच्या बॅटऱ्या नीट न ठेवल्याने निकामी झालेल्या. दोन पियानो नवे असूनही कोरड्या हवेने तडकलेले, पट्ट्या अडकलेल्या. खुर्च्यांच्या पोटातील भरण बाहेर आलेले. या वाड्यात टिकण्याची दुर्दशा झाली ती मालाच्या हलकेपणामुळेच, असे मानण्याचे कारण नाही. ज्या हवेसाठी ते लाकूड तयार झाले होते, ती हवा इथे नव्हती. आणि बिघाड सुधारू शकणारा हात हजारो मैलांवर होता.

येथे हवा कोरडी धारची आणि देवासचीही. स्तंभाला ती मानवली, पियानोंना मारक ठरली. टिकाऊपणा एकट्या वस्तूत नसतो. करणारा, वापरणारा आणि दुरुस्त करणारा या तिघांच्या जाणतेपणावर तो उभा असतो. आपल्या घरांतील पितळी भांडी पिढ्यान्‌पिढ्या चालली, कारण वर्षातून कल्हईवाला दारी येत असे.

पूर्वीचे सारे चांगले आणि आजचे सारे टाकाऊ, असे म्हणणे न्यायाचे नाही. पूर्वीच्या कच्च्या वस्तू केव्हाच मोडीत गेल्या. उरल्या त्याच आपण पाहतो. शिवाय पंखा, मिक्सर आज सामान्य घराच्या आवाक्यात आले, हेही कारखान्यांचेच देणे. देवास तर १९७० च्या दशकापासून स्वतःच उद्योगनगरी झाले. नोटांचा छापखानाही तिथेच आला. पण चिकटवून बंद केलेला मोबाईल किंवा सुटे भाग न मिळणारे यंत्र घेताना आपण देवासच्या वाड्यातील ती चूकच घरोघरी करत असतो. केंद्र सरकारने २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’चा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षअखेर त्यासाठी संकेतस्थळही सुरू केले. त्या हक्काला बळ ग्राहकांच्या आग्रहानेच येईल. खरेदीच्या वेळी किमतीबरोबर आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: सुटा भाग किती वर्षे मिळेल, आणि हे आपल्या गावात कोण दुरुस्त करील?