ऐकीव पुरावा आणि सीमाभागाची साक्ष

बेळगाव व निपाणी हा भाग 1 नोव्हेंबर 1956 रोजी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. महाराष्ट्र शासनाने त्याविषयी सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला तो 2004 साली. मधल्या काळात एक पिढी सरली. वडिलांनी पाहिलेले मुलाने सांगितले, तर न्यायालयाने ते ग्राह्य धरावे काय?

जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी रचलेल्या 1872 च्या पुरावा अधिनियमानुसार (कलम 60) तोंडी पुरावा प्रत्यक्षच हवा. ऐकीव कथनामागे मूळ सांगणाऱ्याची शपथ नसते, त्याची उलटतपासणीही होत नाही. मात्र कलम 32 ने काही अपवाद मान्य केले. सार्वजनिक हक्क वा रूढी यांविषयी मृत जाणकाराचे मत चालते. पण ते वाद उद्भवण्यापूर्वीचे असावे लागते. वादानंतरच्या आठवणी या अपवादात बसत नाहीत.

इंग्लंडने 1995 च्या कायद्याने दिवाणी दाव्यांतील ही बंदी उठवली. तेथे न्यायाधीश अशा पुराव्याचे वजन ठरवतात. भारतात 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने जुना नियम कलम 55 मध्ये कायम ठेवला.

सीमावादात दोन्ही बाजूंच्या आठवणींना अभिमानाचा रंग आहे. तेथे उलटतपासणी सोडणे धोक्याचे होय. रीतसर नोंदलेली साक्ष साक्षीदाराच्या मृत्यूनंतरही उपयोगी पडते, ही तरतूद कायद्यात पूर्वीपासून आहे. परंतु साक्षी नोंदवण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती मनमोहन सरीन यांची नेमणूक झाली ती 2014 साली, दाव्यानंतर दहा वर्षांनी. तात्पर्य, नियम रद्द करण्यापेक्षा वृद्ध साक्षीदारांची साक्ष वेळेत नोंदवणे, हीच खरी सुधारणा ठरेल.