बारा वर्षें उघडी राहिलेली दिंडी

किल्ल्याला तट असतो, तटाच्या आंत बालेकिल्ला असतो, आणि बालेकिल्ल्याची वाट सर्वांस मोकळी नसते. संगणकाची रचनाहि अशीच आहे. १९८२ सालीं इंटेल कंपनीनें ८०२८६ ही चिप काढली, तींत अधिकारांचीं चार वर्तुळें कल्पिलेलीं होतीं. पुढें विंडोज एनटीच्या कर्त्यांनीं ह्या चारांपैकीं दोनच उपयोगांत आणलीं. अगदीं आंतलें शून्य क्रमांकाचें व अगदीं बाहेरचें तीन क्रमांकाचें. पत्रें लिहिण्याचे, हिशेब ठेवण्याचे, चित्रें पाहण्याचे प्रोग्राम बाहेरच्या वर्तुळांत वावरतात. आंत राहतो तो कर्नेल, म्हणजे संगणकाचा गाभा. स्मृतीची जागा कोणास किती द्यावयाची, कोणाला काय करूं द्यावयाचें, हें सर्व तो ठरवितो.

ह्या बालेकिल्ल्यांत आणखी एका वर्गाला प्रवेश आहे, तो ड्रायव्हरांचा. छपाईचें यंत्र, पडदा, पंखा अशा प्रत्यक्ष सामग्रीशीं बोलणें हें त्यांचें काम. ड्रायव्हर पुष्कळदां बाहेरच्या कंपनीनें लिहिलेला असतो. पण तो एकदां आंत आला कीं त्याचा अधिकार गाभ्याच्या बरोबरीचा. म्हणून विंडोज व्हिस्टापासून, ६४ बिटी संगणकांपुरता, मायक्रोसॉफ्टनें असा दंडक घातला कीं डिजिटल सही असल्यावांचून ड्रायव्हरास आंत घेऊं नये. शिक्कामोर्तब पाहून मगच दस्तक मानावयाचें, हा आपल्या जुन्या दफ्तरांतलाच न्याय होय. परंतु कागद कोणाचा आहे एवढेंच शिक्का सांगतो. मजकूर शहाणपणाचा आहे कीं नाहीं, हें तो सांगत नाहीं.

डेल ह्या अमेरिकन कंपनीच्या संगणकांबाबत नेमकें हेंच घडलें. यंत्रांतच भरलेली मूळ आज्ञावली, जिला फर्मवेअर म्हणतात, ती नवी करण्यासाठीं डेल एक साधन पुरवीत असे. तें चालविलें कीं त्याच्याबरोबर डीबीयूटिल २.३ नांवाचा एक लहानसा ड्रायव्हर संगणकांत उतरे. २००९ सालापासून हा क्रम चालूं होता. ह्या ड्रायव्हराकडे कोणीं मागणी करावी ह्याला निर्बंधच नव्हता. साध्या वापरकर्त्याचा कोणताहि प्रोग्राम त्यास सांगूं शके कीं स्मृतींतील अमुक ठिकाणीं अमुक लिही. आणि तो मुकाट्यानें लिही. विचारणारा कोण, जागा कोणाची, ह्याची चौकशी नाहीं. तटाला जणूं एक दिंडी होती, तिला ना अडसर ना पहारेकरी.

स्मृतींत चार आंकडे लिहिल्यानें एवढें काय बिघडतें, असें श्रोत्यांस वाटेल. विंडोजमध्यें प्रत्येक चालूं प्रोग्रामजवळ टोकन नांवाचें एक अधिकारपत्र असतें. तें गाभा आपल्यापाशीं जपून ठेवतो व दर वेळीं त्यावरूनच प्रोग्रामची पायरी ओळखतो. पण तें पत्रहि अखेर स्मृतींतच लिहिलेलें. ड्रायव्हराकरवीं त्यांतील चार अक्षरें बदलून घेतलीं कीं शिपायाचा सुभेदार झाला. दूरदेशीं बसलेल्या माणसास ह्या दिंडींतून थेट शिरतां येत नव्हतें, त्याला आधीं त्या संगणकावर पाय ठेवावा लागे, हें खरें. पण पाय ठेवण्याचे मार्ग थोडे नाहींत.

सेंटिनेलवन ह्या संरक्षणसंस्थेच्या संशोधकांनीं १ डिसेंबर २०२० रोजीं हा प्रकार डेलला कळविला, व ४ मे २०२१ रोजीं तो जगजाहीर झाला. एकंदर पांच दोष होते. ते सीव्हीई-२०२१-२१५५१ ह्या एकाच क्रमांकाखालीं नोंदले गेले, आणि त्यांची तीव्रता १० पैकीं ८.८ धरण्यांत आली. एक तप लोटलें होतें आणि कोट्यवधि संगणकांचा प्रश्न होता. डेलनें जुना ड्रायव्हर काढून टाकण्याचें साधन प्रसिद्ध केलें.

येथें प्रकरण मिटावयास हवें होतें. परंतु फायली जागजागीं पुसल्या तरी जुन्या प्रतींवरची सही जशीच्या तशी होती. त्याच वर्षाच्या शरद ऋतूंत उत्तर कोरियाशीं संबंध जोडल्या गेलेल्या लॅझरस ह्या टोळीनें नेदर्लंडमधील एका विमानविद्या-कंपनीचा नोकर आणि बेल्जममधील एक राजकीय पत्रकार ह्यांस ॲमेझॉनच्या नोकरीचे खोटे कागद पाठविले. संगणकांत शिरल्यावर टोळीनें हाच ड्रायव्हर आपल्याबरोबर आंत आणला. ड्रायव्हर बसविण्यास प्रशासकाचा अधिकार लागतो; पण तो हातीं असूनहि त्यांस बालेकिल्ला हवा होता, कारण पहारेकऱ्यांचे डोळे तेथूनच बांधतां येतात. विंडोजच्या सात निरीक्षण-व्यवस्था त्यांनीं अशा बंद पाडल्या, असें ईसेट ह्या स्लोवाकियांतील संस्थेनें सप्टेंबर २०२२ मध्यें प्रसिद्ध केलें. चोराला कुलूप फोडावें लागलें नाहीं. तो कारागिराचीच जुनी किल्ली घेऊन आला.

अशा खऱ्या सहीच्या पण सदोष ड्रायव्हरांची एक निषिद्ध यादी मायक्रोसॉफ्टनें केली होती, व विंडोज ११ च्या २०२२ च्या आवृत्तीपासून ती मूळांतच चालूं ठेवण्यांत आली. मात्र विंडोज १० च्या संगणकांवर ती यादी दीर्घकाळ नवी होऊन पोंचलीच नव्हती, असें ऑक्टोबर २०२२ मध्यें उघडकीस आलें.