दक्षिणेचे साठ रुपये

बरेच दिवस काही लिहिले नव्हते, मोतीबिंदूचे निमित्त झाले. आज विषय आहे फेलोशिपचा. मराठी माध्यमातून बी.ए. झालेल्या आणि जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेल्या बाईला फेलोशिपचे काय, असे आमच्या धाकट्या भावजींना नक्की वाटणार. वाचा तर खरे.

माझ्या नणंदेची नात एकोणिसाव्या शतकातल्या मराठी नियतकालिकांवर पीएच.डी. करते आहे. फेलोशिपसाठी निवड झाली, पत्र आले, पेढे वाटून झाले. पैसे मात्र आठ महिने झाले तरी नाहीत. परवा आली ती पडलेला चेहरा घेऊनच. म्हणाली, "आजी, एका क्लासमध्ये शिकवायला बोलावतायत. जाते. प्रबंधाचं काय, रविवारी लिहीन." मी आधी तिला चहा दिला आणि मग दक्षिणा फेलोंची गोष्ट सांगितली.

दक्षिणा हा शब्द इथे अगदी खरा आहे. पेशवाईत श्रावणात पुण्याला पर्वतीच्या रमण्यात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई. ही प्रथा दाभाड्यांपासूनची. पेशव्यांच्या काळात ती लाखांच्या घरात गेली. विद्वानांबरोबर नुसते पोटार्थीही रांगेत असत, हे सांगायला नकोच. १८१८ साली राज्य गेले, पण एल्फिन्स्टनने दक्षिणा एकदम बंद केली नाही. रक्कम कमी केली आणि त्यातल्या काही भागातून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. पुढे १८३० च्या दशकात ठरले की जे घेत आहेत त्यांना हयातभर द्यायचे, नवीन नावे घालायची नाहीत. म्हणजे जसजसे शास्त्रीबुवा जात, तसतसा पैसा शिल्लक पडत जाई. तो कुणाला द्यायचा?

यावरून पुण्यात चांगलीच जुंपली. १८४९ साली लोकहितवादी आणि इतर सुधारकांनी मागणी केली की यातला काही पैसा मराठीत चांगले ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा. सनातन्यांचा संताप झाला. अर्ज करणाऱ्यांना मारहाणीची भीती होती, तेव्हा जोतीराव फुले आपली माणसे घेऊन त्यांच्या पाठीशी उभे राहिले, असे त्यांच्या चरित्रात येते. अखेर दक्षिणा प्राइज कमिटी झाली आणि मराठी पुस्तकांना बक्षिसे मिळू लागली.

मग मुंबई विद्यापीठ निघाले, १८५७ साली. दक्षिणेच्या पैशातून फेलोशिपा सुरू झाल्या. हुशार तरुणाने कॉलेजात राहावे, खालच्या वर्गांना थोडे शिकवावे आणि उरलेल्या वेळात स्वतः शिकावे. महादेव गोविंद रानडे असेच दक्षिणा फेलो. आधी दरमहा साठ रुपये, ज्येष्ठ फेलो झाल्यावर एकशेवीस. रामकृष्ण गोपाळ भांडारकर दुसरे. हे दोघे १८६२ च्या, म्हणजे विद्यापीठाच्या पहिल्या, पदवीधरांपैकी. भांडारकरांचा संस्कृतचा खरा अभ्यास या फेलोशिपच्याच काळातला. पुढे काशिनाथ त्र्यंबक तेलंगही एल्फिन्स्टन कॉलेजात दक्षिणा फेलो होते. गीतेचे त्यांचे इंग्रजी भाषांतर मॅक्समुल्लरच्या ग्रंथमालेत १८८२ साली आले. इतकी वर्षे मी वर्गात रानडे शिकवले, पण ते थेट न्यायमूर्तीच. विशीतला, साठ रुपयांत महिना काढून पुस्तकांत डोळे फोडणारा रानडे मी कधी शिकवलाच नाही. चूक झाली.

या पैशाला दोरीही होती बरं का. विद्यार्थी असताना रानड्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना केली, आणि ती इंग्रजांना सोयीची नव्हती. प्रिन्सिपॉल सर अलेक्झांडर ग्रँट यांनी बोलावून समज दिली आणि शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली. त्याच रानड्यांनी पुढे मराठी सत्तेच्या उदयावर ग्रंथ लिहिला, १९०० साली. म्हणजे विषय काही डोक्यातून गेला नव्हता!

आणि हा पैसा मुळात कुणाचा? शेतसाऱ्याचाच. फुल्यांनी १८८२ साली शिक्षण आयोगापुढे हेच मांडले, की सरकारचा महसूल राबणाऱ्या रयतेच्या घामातून येतो आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर. दक्षिणा फेलोंची नावे वाचताना हे मनात ठेवावेच लागते. शेतकऱ्याच्या मुलीपर्यंत ते साठ रुपये पोचायला फार वर्षे लागली. माझ्यापर्यंत तर पोचलेच नाहीत. मी १९७२ साली बी.ए. झाले. दुष्काळाचे वर्ष, वडील खडी फोडायला रोजगार हमीवर. आमचे इतिहासाचे सर म्हणाले, एम.ए. कर, पुढे संशोधन कर. मी शाळेत तात्पुरती नोकरी धरली. रविवारी वाचीन, असे मीही म्हटले होते. ती तात्पुरती नोकरी चौतीस वर्षे चालली. तक्रार नाही, मुले चांगली मिळाली. पण रविवारी धुणे असते.

हे मी पोरीला सांगितले तेव्हा ती हसली आणि मग गप्प बसली. विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ फेलोशिप जानेवारी २०२३ पासून महिना सदतीस हजार आहे. तिची दुसरीकडची, त्याहून कमी. रक्कम ऐकून आमच्या सोसायटीतले लोक म्हणतात, बसून खायला एवढे? अहो, ती मुलगी सकाळी दहाला ग्रंथालयात जाते आणि हाताला लागताच चुरा होणारी दीडशे वर्षांपूर्वीची पाने उलटते. एका अंकात संपादकाने वर्गणी थकवणाऱ्यांना घातलेल्या शिव्या तिने मला वाचून दाखवल्या. दोघी पोट धरून हसलो.

शेवटी क्लासची नोकरी तिने सहा महिने पुढे ढकलली. खोलीचे भाडे माझ्या पेन्शनमधून. फुकट घेणार नाही म्हणाली, म्हणून वहीत तारीख घालून उसनवारी लिहिली आहे. पानाच्या वर तिनेच मथळा दिला आहे: "श्रावण दक्षिणा". आम्ही लिहिले ते भाद्रपदात, पण असू दे.