शालेय समुपदेशकाचें शिक्षण विद्यापीठांत कसें आलें?

शाळेंतील समुपदेशकाचा पेशा अमेरिकेंत बोस्टन येथील फ्रँक पार्सन्स यांनीं सुरू केला व त्याचें पदव्युत्तर शिक्षणहि त्यांच्याच योजनेंतून उत्पन्न झालें, असें समजण्याकडे या विषयाच्या अभ्यासकांचा कल दिसतो. यांतील पूर्वार्ध कांहीं मर्यादेनें ग्राह्य आहे. उत्तरार्ध मात्र कालक्रमाच्या कसोटीस उतरत नाहीं, असें आमचें मत असून त्याचीं कारणें येथें देत आहों.

पार्सन्स हे मूळचे स्थापत्यशास्त्राचे पदवीधर, पुढें वकील व बोस्टन विद्यापीठांत कायद्याचे अध्यापक. त्यांची व्यवसायमार्गदर्शनाची कचेरी ता. १३ जानेवारी १९०८ रोजीं उघडली. पण ती कोणत्याहि शाळेंत नव्हती. शहराच्या उत्तर भागांत परदेशांतून आलेल्या गरीब कुटुंबांसाठीं एक सेवागृह चालत असे, तेथें ती होती. कामधंद्याच्या शोधांत असलेलीं तरुण माणसें तेथें येत. कचेरीचा पहिला अहवाल ता. १ मे १९०८ चा आहे. त्याच वर्षीं २६ सप्टेंबरला पार्सन्स वारले. ज्या ग्रंथामुळें त्यांचें नांव झालें तो १९०९ सालीं, म्हणजे त्यांच्या पश्चात्, राल्फ अल्बर्टसन यांनीं सिद्ध करून छापविला. कर्त्याच्या मृत्यूनंतर दुसऱ्याच्या हातून बाहेर पडलेल्या ग्रंथापेक्षां त्याच्या हयातींतील दिनांकित कागद अधिक वजनाचा, हें आमच्या वाचकांस सांगणें नलगे. म्हणून मे महिन्याचा अहवालच आम्ही प्रमाण मानतों. त्यांत पार्सन्स यांनीं अशी इच्छा प्रकट केली आहे कीं, हें काम सार्वजनिक शाळांचा भाग व्हावें, आणि वैद्य व वकील यांना जितक्या काळजीनें तयार करतात तितक्याच काळजीनें तें करणारे तज्ज्ञ तयार करावेत. यावरून इच्छा सिद्ध होते, संस्था सिद्ध होत नाहीं.

प्रत्यक्षांत झालें तें निराळें. १९०९ च्या सुमारास बोस्टनच्या शाळांतील शंभराहून अधिक शिक्षकांस समुपदेशक म्हणून नेमण्यांत आलें. हे वर्गावर शिकविणारेच शिक्षक. नवें काम त्यांच्या जुन्या कामावर ठेवलें गेलें. ग्रँड रॅपिड्स येथें जेसी डेव्हिस या मुख्याध्यापकांनीं तर १९०७ सालींच इंग्रजी निबंधाच्या तासांत आठवड्यास एक पाठ व्यवसायविचारासाठीं ठेवला होता. तेव्हां शाळेपुरतें पाहिल्यास अग्रमान पार्सन्सपेक्षां डेव्हिस यांचा ठरतो. विद्यापीठांतील पहिला अभ्यासक्रम १९११ सालच्या उन्हाळ्यांत हार्वर्ड येथें झाला व तो पार्सन्स यांच्यामागून कचेरी चालविणारे मेयर ब्लूमफील्ड यांनीं शिकविला. पुढें १९१७ त कचेरीच हार्वर्डकडे गेली. परंतु सुटीच्या दिवसांत अभ्यासक्रम शिकविला जाणें ही एक गोष्ट. तो पुरा केल्यावांचून पद न मिळणें ही दुसरी. या दोहोंमधील अंतर जवळजवळ अर्ध्या शतकाचें आहे, आणि तेंच या इतिहासांत बहुधा गाळलें जातें.

हें अंतर कशानें तुटलें? ता. ४ ऑक्टोबर १९५७ रोजीं सोव्हिएत रशियानें स्पुटनिक आकाशांत सोडला. ता. २ सप्टेंबर १९५८ रोजीं अध्यक्ष आयझेनहॉवर यांनीं राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्यावर सही केली. या नांवांतील ‘संरक्षण’ हा शब्द दुर्लक्षिण्यासारखा नाहीं. कायद्याच्या पांचव्या प्रकरणाच्या पहिल्या भागानें शाळांतील चाचण्या व मार्गदर्शन यांस पैसा दिला. दुसऱ्या भागानें विद्यापीठांकडून माध्यमिक शाळांच्या समुपदेशकांसाठीं शिक्षणवर्ग चालविण्याची सोय केली. सार्वजनिक शाळेंतील शिक्षक अशा वर्गास गेल्यास त्यास आठवड्यास ७५ डॉलर व प्रत्येक आश्रितामागें १५ डॉलर मिळत. शिक्षकास पगार बुडवून शिकण्याची पाळी येऊं नये, ही अडचण ओळखणारा कोणी व्यवहारज्ञ मसुदा करणाऱ्यांत असला पाहिजे. विद्यापीठांतून या विषयाचे विभाग झपाट्यानें वाढले ते येथून पुढें.

पण कायद्याचा हेतु शब्दशः पाहावा. विशेष बुद्धीचीं मुलें हुडकावीं, त्यांना उच्च शिक्षणास लागणारे विषय घ्यावयास लावावें व महाविद्यालयांत पाठवावें, यावर त्याचा भर आहे. बोस्टनच्या सेवागृहांत येणारा, उद्यांच्या मजुरीची विवंचना असलेला मुलगा या मजकुरांत जवळजवळ दिसत नाहीं. सारांश, पार्सन्स यांची इच्छा फळास आली ती त्यांच्या कारणानें नव्हे. १९६४ च्या दुरुस्तीनें प्राथमिक शाळाहि कक्षेंत आल्या, तेव्हां दृष्टि कांहीशी रुंदावली.

१९६२ सालीं गिल्बर्ट रेन यांनीं आपल्या ग्रंथांत समुपदेशकास दोन वर्षांचें पदव्युत्तर शिक्षण असावें अशी शिफारस केली. १९८१ पासून अशा अभ्यासक्रमांस मान्यता देणारें स्वतंत्र मंडळ आहे. त्याच्या नियमांत ६० श्रेयांक, देखरेखीखालीं १०० तासांचा सराव व नंतर ६०० तासांची उमेदवारी सांगितली आहे. पार्सन्स यांनीं वैद्यांशीं केलेली तुलना आम्हांस या शेवटल्या आंकड्यांतच खरी उतरलेली दिसते. पुस्तकी भाग तर कोणत्याहि विषयास असतो.

हा विचार हिंदुस्थानांतहि लौकरच आला होता. कलकत्ता विद्यापीठांत १९३८ सालीं उपयोजित मानसशास्त्राच्या शाखेंत त्याचें काम सुरू झालें. मुंबईंत १९४१ त बाटलीबॉय यांची व १९४७ त पारशी पंचायतीची, अशा दोन व्यवसायमार्गदर्शन कचेऱ्या निघाल्या. दिल्लीस केंद्र सरकारची कचेरी १९५४ त स्थापन झाली व १९६१ त निघालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन परिषदेंत तिचा समावेश झाला. परिषदेनें पुढें समुपदेशनाचा पदविका-अभ्यासक्रम चालविला. मुंबईच्या दोन्ही कचेऱ्या सरकारी पैशाच्या आधीं व खाजगी दानांतून उभ्या राहिल्या, म्हणून त्यांचें साम्य १९५८ च्या वॉशिंग्टनशीं नसून १९०८ च्या बोस्टनशीं आहे. तेथें कोणत्या मुलास काय विचारीत व काय सांगत, हें छापील अहवालांपेक्षां त्या वेळच्या प्रश्नावल्या, मुलाखतींचीं टिपणें व पत्रव्यवहार यांवरून कळेल. असे कागद जुन्या शाळांच्या दप्तरांतून व निवृत्त शिक्षकांच्या घरांतून रद्दींत जाण्याचा संभव फार. संग्राहकांनीं ते दृष्टीस पडतांच वेगळे काढून ठेवावेत, व मुलांचीं नांवें झांकून त्यांच्या नकला मंडळाकडे पाठवाव्यात, अशी आमची विनंती आहे.