वऱ्हाडातील दंतशृंगार

चंद्रभागेच्या काठी वसलेले दर्यापूर आणि त्याला लागूनच असलेली बनोसा पेठ यांची ख्याती कापूस, मूग आणि हरभरा यांच्या व्यापाराकरिता आहे. तेव्हा दंतशृंगाराचा इतिहास सांगू इच्छिणाऱ्याने या काळ्या मातीच्या तालुक्यापासून आरंभ करावा, हे प्रथमदर्शनी कोणास विलक्षण वाटेल. परंतु हसऱ्या मुखाला शोभा आणण्यासाठी पूर्वजांनी जे जे उपाय योजिले, त्यांचा बहुतेक साहित्यसंभार याच मुलखात सिद्ध होता : शेताच्या धुऱ्यावरची बाभूळ आणि कडुनिंब, सातपुड्याच्या रानातला हिरडा, अंजनगाव सुर्जीच्या बारी समाजाने पिढ्यान्पिढ्या राखलेल्या पानमळ्यांतली नागवेल. दातावर आवरण चढवून त्याचे रूप पालटावे, ही कल्पना आज व्हिनिअर या नावाने, चिनी मातीच्या नखाएवढ्या पापुद्र्याच्या रूपाने, शहरांतून तालुक्याच्या गावी येत आहे. आणि ती नवीन आहे असे समजणाऱ्यांना आपल्या पणज्यांचे दात कोणत्या रंगाचे होते याची बहुधा वार्ताही नाही.

दंतधावनाचे शास्त्र आपल्याकडे फार जुने. सुश्रुताने बारा अंगुळे लांब आणि करंगळीएवढी जाड, गाठी नसलेली ताजी काडी सांगितली, आणि कडू रसाच्या झाडांत कडुनिंब, तुरट रसाच्या झाडांत खैर, गोड रसाच्या झाडांत मोह व तिखट रसाच्या झाडांत करंज श्रेष्ठ मानला. वराहमिहिरासारख्या ज्योतिर्विदालाही दंतकाष्ठाच्या लक्षणांकरिता आपल्या बृहत्संहितेत एक स्वतंत्र अध्याय द्यावासा वाटला. वऱ्हाडातील रयतेने हे ग्रंथ वाचले नव्हते, पण पहाटे बैल सोडण्यापूर्वी धुऱ्यावरची काडी मोडून, तिचे टोक चावून कुंचला करून मुखारी करण्याची तिची वहिवाट ग्रंथांशी तंतोतंत जुळणारी होती. ज्यांना काडी मिळत नसे त्यांची राखुंडी होती, मीठ होते, चुलीतला कोळसा होता. या सर्वांचा हेतू मात्र स्वच्छता हा होता, शृंगार हा नव्हे. शृंगाराचा प्रांत निराळा.

त्या प्रांताचे पहिले द्रव्य तांबूल. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे महास्थान. त्या पंथाच्या लीळाचरित्रात तांबूलाचे उल्लेख आहेत, आणि तेराव्या शतकातही पान हे या मुलखाच्या नित्यव्यवहारात किती मुरले होते ते त्यांवरून दिसते. चुना आणि कात यांच्या संयोगाने ओठ रंगतात ते क्षणिक, दात रंगतात ते दीर्घकाळासाठी. आणि ज्या समाजात पान हे आतिथ्याचे, विवाहाचे आणि राजदरबाराच्या निरोपाचेही चिन्ह होते, त्या समाजाला रंगलेला दात ओंगळ वाटणे संभवनीयच नव्हते.

दुसरे द्रव्य याहून लक्ष देण्याजोगे आहे, आणि त्याचे विस्मरण आपल्याला इतके पूर्ण झाले आहे की त्याविषयी काहीसे विस्ताराने लिहिणे मला अगत्याचे वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत, आणि पुष्कळ घरांत त्यानंतरही, महाराष्ट्रातील सुवासिनी दातांना काळे दातवण लावीत. मुसलमान घराण्यांतून त्याच जातीच्या द्रव्याला मिस्सी म्हणत. घरोघरी कृती भिन्न, पण मुळाशी दोन वस्तू ठरलेल्या : एक हिरडा किंवा मायफळ यांसारखे तुरट फळ, आणि दुसरा हिराकस. फळातील तुरट द्रव्य आणि हिराकसातील लोह एकत्र आले, की निळसर झाक असलेला दाट काळा रंग तयार होतो आणि तो दाताला धरून बसतो. रंगारी कापडाला काळा रंग देत तो याच जोडीने, आणि लिहिण्याची शाईही याच जोडीपासून होत असे. म्हणजे कचेरीच्या दफ्तरातील अक्षर आणि गृहिणीच्या मुखातील काळिमा यांचे रसायन एकच होते.

पुरवणी द्रव्ये घरच्या रीतीप्रमाणे आणि ऐपतीप्रमाणे : कुठे मोरचूद, कुठे लवंग, कुठे कापूर. सर्व जिन्नस खलात बारीक कुटून वस्त्रगाळ करीत, डबीत भरून ठेवीत आणि बोटाने दातांच्या मुळांपर्यंत चोळीत. एकदा लावून भागत नसे. रंग फिका पडला की पुन्हा लावावा लागे, कारण दातवण दातावर बसे, दातात शिरत नसे. कुंकू आणि बांगड्या यांप्रमाणेच ते सौभाग्याचे लेणे होते, आणि पतीच्या निधनानंतर या लेण्यांबरोबर तेही सुटे. ज्या स्त्रीच्या मुखातले पांढरे दात ही तिच्या दुर्दैवाची जाहिरात ठरत होती, तिच्या दुःखाचा विचार मनात आला म्हणजे या प्रथेची रम्यता पुष्कळच ओसरते, हेही येथे नमूद केले पाहिजे.

विस्मय वाटतो तो असा, की संस्कृत काव्याची नायिका कुंदकळ्यांसारख्या शुभ्र दातांची, शाहिरांच्या लावणीतली नार डाळिंबाच्या दाण्यांसारख्या दातांची, आणि ते काव्य ऐकणाऱ्या घरची गृहिणी मात्र काळ्या दातांची. रूपाचा आदर्श एकच आणि सनातन असतो, असे मानणाऱ्यांनी या विसंगतीचा शांतपणे विचार करावा. ही केवळ आपलीच तऱ्हा होती असेही नाही. जपानात लोखंड आंबवून केलेले द्रावण आणि मायफळांची पूड यांनी दात काळे करण्याची चाल शेकडो वर्षे प्रतिष्ठित होती. सन १८७० मध्ये तेथील सरकारने सरदारवर्गाला हुकमाने तिची मनाई केली आणि १८७३ मध्ये खुद्द सम्राज्ञीने पांढऱ्या दातांनी लोकांपुढे येऊन जुन्या रूपाला निरोप दिला. आपल्याकडे असे कोणतेही फर्मान निघाले नाही. १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या हवाली झालेल्या वऱ्हाडात शाळा आल्या, छापखाने आले, छायाचित्र आले; आणि ज्या छायाचित्रात काळे दात हे नसलेल्या दातांसारखे दिसतात, त्या छायाचित्राचा या प्रथेच्या अस्ताशी सुधारकांच्या लेखांइतकाच संबंध असावा, असे माझे मत आहे.

दातवणाच्या जागी मंजन आले. मुंबईच्या नोगी कंपनीची माकडछाप काळी पूड खेड्यापाड्यांतील कोनाड्यांत जाऊन बसली. ती काळी खरी, पण दात पांढरे करण्याकरिता. नागपुरात किराण्याचे दुकान चालवून पुढे मुंबईस गेलेल्या केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ मध्ये विको काढली आणि वनस्पतींची वज्रदंती पूड बाजारात आणली. मूर्तिजापूरहून दर्यापूर, अंजनगावमार्गे अचलपूरला जाणाऱ्या, लोकांनी शकुंतला या नावाने लाडावलेल्या छोट्या आगगाडीच्या काळात तालुक्याच्या बाजारपेठा शहरांशी जोडल्या गेल्या, आणि शहरी मालाबरोबर पांढऱ्या दातांची हौसही गावोगाव पोचली.

दात दुखला म्हणजे मात्र जुनेच उपाय चालत. आठवडी बाजारात दाताची कीड काढून देणारे बसत. भुईरिंगणीचे बी तापलेल्या खापरीवर टाकून त्याचा धूर रोग्याच्या तोंडात घेववीत, आणि थोड्या वेळाने पाण्यात पांढरे बारीक ‘किडे’ पडलेले दाखवीत. ते किडे म्हणजे उष्णतेने फुटून बाहेर पडलेले बियांतले अंकुर असत. धुराने ठणका काही काळ मंदावे, आणि म्हणून विश्वास टिके. शास्त्रोक्त दंतवैद्यक या देशात उशिरा आले : डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यास पहिले दंतमहाविद्यालय काढले ते १९२० मध्ये, मुंबईत नायर दंतमहाविद्यालय १९३३ मध्ये निघाले, आणि दंतवैद्यांची नोंदवही बंधनकारक करणारा कायदा झाला १९४८ मध्ये. विदर्भाला नागपूरच्या शासकीय दंतमहाविद्यालयासाठी १९६८ पर्यंत वाट पाहावी लागली. आज अमरावतीतच दंतमहाविद्यालय आहे, आणि दर्यापूरच्या मुलामुलींना दंतवैद्य होण्याकरिता दूर जावे लागत नाही.

व्हिनिअरचा जन्म चित्रपटसृष्टीतला. १९२८ च्या सुमारास हॉलिवूडमध्ये चार्ल्स पिंकस या दंतवैद्याने नटनट्यांच्या पुढच्या दातांवर बसवण्याकरिता पातळ कवचे तयार केली. ती कवळीच्या चिकट पुडीने चिकटवलेली असत, चित्रीकरण संपेपर्यंत टिकत आणि जेवणापूर्वी काढून ठेवावी लागत. म्हणजे तो मुखवटाच होता, फक्त दातांपुरता. तो मुखवटा कायम व्हायला पन्नासाहून अधिक वर्षे लागली. १९५५ मध्ये मायकेल बुओनोकोर यांनी दाखवून दिले, की दाताच्या वरच्या कठीण थरावर आम्ल लावले असता त्यावर सूक्ष्म छिद्रे पडतात आणि त्यांत राळेसारखे द्रव्य घट्ट रुतून बसते. १९८० नंतरच्या दशकात चिनी मातीच्या कवचाची आतली बाजूही आम्लाने तशीच खरबरीत करण्याची युक्ती साधली, आणि दात व कवच यांचा सांधा खाण्यापिण्याला पुरा पडू लागला.

कृती अशी : दंतवैद्य पुढच्या पृष्ठभागावरून सुमारे अर्धा मिलिमीटर थर घासतो, दातांचे माप घेतो, शेजारच्या दातांशी रंग ताडून पाहतो, माप कारागिराकडे जाते, आणि तयार होऊन आलेला पापुद्रा विशिष्ट सिमेंटाने चिकटवून प्रकाशाच्या झोताने पक्का केला जातो. पडलेली भेग, तुटलेला कोपरा, दोन दातांमधली फट, आत मुरलेला डाग, हे सर्व त्याखाली झाकते, आणि कारागीर जाणता असेल तर सूर्यप्रकाशातही कृत्रिमता ओळखू येत नाही. अशी कवचे नीट राखली तर दहा-पंधरा वर्षे सहज टिकतात. पणजीच्या दातवणाहून त्यांचा खरा भेद येथेच आहे. दातवण दातावर चढे आणि उतरे, दाताचे काही घेत नसे. व्हिनिअर मात्र बहुधा दाताचा एक थर घेऊन मगच बसते, आणि शरीर तो थर पुन्हा कधीही निर्माण करीत नाही. एकदा हे कवच पत्करले की पुढे आयुष्यभर कोणते ना कोणते कवच पत्करावेच लागते. विवाहाची तारीख पुढ्यात ठेवून बावीस वर्षांच्या मुलीचे निरोगी दात केवळ शुभ्रतेकरिता घासणे, हे मला मान्य नाही. आधी दात साफ करून घ्यावेत, डाग घालवण्याचे सौम्य उपाय करून पाहावेत, आणि मगच या शेवटच्या उपायाकडे वळावे.

तथापि या उपायाची खरी गरज असलेली माणसे विदर्भात आहेत, आणि त्यांच्या बाबतीत मला तो शृंगार वाटत नाही. मूर्तिजापूरहून शकुंतलेचा दुसरा फाटा जात असे त्या यवतमाळ जिल्ह्याच्या काही भागांत विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड अधिक आहे. लहानपणी दात घडत असताना ते पाणी पोटात गेले, की पुढे दात खडूसारखे पांढरट, पिवळे किंवा तपकिरी पट्ट्यांचे निघतात, आणि ते कितीही घासले तरी पालटत नाहीत. अशी मुले हसताना हात तोंडावर नेतात. त्यांनी काहीही गैर केलेले नसते, फक्त गावच्या विहिरीचे पाणी प्यालेले असते. त्यांच्या दातांवर कवच चढवण्याचा खर्च सरकारी रुग्णालयांनी उचलला, तर तो न्याय होईल. दर्यापूरचा प्रश्न निराळा : हा तालुका पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात मोडतो, विहिरींचे पाणी खारे, आणि शहानूर धरणाचे गोडे पाणी नळाने येऊ लागल्यामुळे पिण्याचा ताप पुष्कळ हलका झाला.

मात्र एक ताप वाढला आहे, तो खर्ऱ्याचा. भाजलेली सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या कागदात घोटून दिलेली ही पुडी विदर्भाच्या प्रत्येक पानठेल्यावर मिळते. राज्यात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, तरी खर्ऱ्याचे घोटणे थांबले नाही. सुपारीने गालांच्या आतले अस्तर पांढरे व ताठ होत जाते आणि जबडा आवळत जातो. निरोगी माणसाच्या तोंडात तीन बोटे उभी मावतात, या रोग्याच्या तोंडात दोन आणि पुढे एकच मावते, आणि त्यातून कर्करोगही उद्भवू शकतो. असा तरुण दातांवरचे डाग झाकावेत म्हणून दंतवैद्याकडे गेला, तर त्याची बोटे आधी मोजावीत, गाल तपासावेत, खर्रा सोडवावा आणि व्हिनिअरचा विषय तोवर काढूच नये.